घरात त्याला गॅसच म्हणायचे

बाळी दीड महिन्याची होती तेव्हा माझं पोट पहिल्यांदा दुखलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, त्यातला एक सरकला आणि स्वादुपिंड सुजलं, असं डॉक्टर म्हणाले. मी सातवी शिकलेली, मला नुसतं पिंड ऐकू आलं. मी ह्यांचा हातच धरला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या साताऱ्याकडच्या, त्या तर चिडल्याच. "बाळंतिणीच्या घरात पिंडाचं नाव काढायचं न्हाय. गॅस झालाय म्हना." तेव्हापासून घरात त्याला गॅसच म्हणायचे.

अठरा दिवस दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालेलं, दम लागायचा. घरी आले तर बाळी माझ्याकडे येईना, बाटलीची सवय लागलेली, छातीशी धरलं की तोंड फिरवायची. किती दिवस दोघी रडलो, मग कुठे प्यायला लागली. दवाखान्यातून निघताना डॉक्टर बोललेले, तूप-तेल बंद, दुखलं की लगेच यायचं, सूज उतरली की पिशवी काढू.

आत्यांनी डिंकाचे लाडू केले. "नुसत्या पान्यावर दूध येतंय व्हय गं? खा गुपचूप." मला दूध पाहिजेच होतं. मी तीन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पोटात वरच्या बाजूला सुरू झालं, पार पाठीपर्यंत. कोणाला बोलले नाही. बोलले की नेणार, नेलं की बाळी परत बाटलीवर. ओवा चावला, गरम पाणी प्यायले, स्वतःलाच सांगितलं, गॅस आहे. असे दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळीला उचललं आणि श्वासच पुरेना, खाली बसले ते उठताच येईना.

हे जासईला कंटेनर यार्डात ड्युटीवर, फोन उचलत नव्हते. आत्यांनी रिक्षा आणली, बाळीला घेतलं, मला धरून धरून नेलं. तिथे डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाची मुलगी. "काय होतंय?"

"गॅस हाय ओ, बाळंतीण हाय," आत्या बोलल्या.

"मग बसा तिकडे, नंबर येईल."

बसलो. मी बोलायला गेले तर आवाजच नाही. आत्यांचा पदर ओढला. त्यांनी माझ्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघितलं आणि ताडकन उठल्या. "अवं स्वादुपिंड! स्वादुपिंड सुजलंय तिचं! मागं अठरा दिस हितंच हुती!"

लगेच स्ट्रेचर आला, नाकात नळी लावली. आत्या कपाळ बडवायला लागल्या. "म्याच चारलं लाडू, म्याच."

"आजी, लाडवानं वाढलं असेल, पण खडे अजून आतच आहेत ना. असे पेशंट परत येतात, म्हणून तर लगेच या सांगतो," डॉक्टर म्हणाली, मग माझ्याकडे वळली. "तुम्ही कशाची वाट बघत होतात?"

बाळीच्या मुठीत माझ्या गाऊनचं बटण होतं, आत्यांना ते सोडवता येत नव्हतं.

त्यालाही आता महिना झाला. मी घरी आहे, बाळी पुन्हा अंगावर पिते. ऑपरेशन अजून बाकी आहे. सकाळपासून बरगडीखाली काहीतरी टोचतंय, खरंच टोचतंय की भीतीने वाटतंय, कळत नाही. आत्या भाकऱ्या थापतायत. त्यांना सांगणार आहे मी. हिला एवढं पाजून घेते, मग सांगते.