लिसिआतेचे भोंगे, ताईचे कान

लिसिआते पहाटे चारला कामावर जायचा आणि दुपारी एकला परत यायचा. काम मटणाच्या शीतगृहात. गोठलेले बकरे हुकावरून काढायचे आणि खोक्यात कोंबायचे. घरी आला की बोटं तासभर तरी वळायची नाहीत. मग चहाचा मग दोन्ही तळव्यांत धरून गराजच्या दारात बसायचा. राहायलाही तिथेच होता, मागच्या गराजात. पुढचं घर ताईचं, म्हणजे कालोलाइनेचं, तिच्या नवऱ्याचं आणि चार पोरींचं.

पण ओतारा वस्तीत त्याला बकऱ्यांमुळे कोणी ओळखत नव्हतं. भोंग्यांमुळे ओळखायचे. गाडीच्या टपावर शाळेच्या मैदानातले असतात तसले पत्र्याचे भोंगे बांधायचे, आत आवाज वाढवणारे अँप बसवायचे, आणि शनिवारी दुपारी मैदानात दोन गाड्या समोरासमोर उभ्या करायच्या. ज्याचा आवाज लांबवर आणि स्वच्छ जातो तो जिंकला. नुसता मोठा आवाज कोणीही काढतं. स्वच्छ काढायला लिसिआते लागायचा.

सगळी करामत क्रॉसओव्हरची. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी. जाड आवाज मागच्या डब्यातल्या वूफरला, मधला दारातल्या स्पीकरला, बारीक आवाज भोंग्याला. अँपवर दोन बटणं असतात. एकाने वाटणी कुठे करायची ते ठरतं, दुसऱ्याने कोणाला किती जोर द्यायचा ते. वाटणी खाली सरकली की भोंग्याच्या वाट्याला नको तो जाड आवाज येतो आणि आतली तार जळते. यंत्रं लावून मोजणारेही आहेत. लिसिआतेने पंधरा वर्षं नुसत्या कानांवर केलं, आणि फेआओच्या व्हॅनला हरवणारं कोणी नव्हतं.

फेआओ त्याचा चुलतभाऊ. व्हॅन त्याची, भोंगे त्याचे, तोंडही त्याचंच मोठं. पंधरा दिवसांपूर्वी भर मैदानात दुसऱ्याच गाण्याला त्याचे दोन भोंगे जळाले. पोरं म्हणाली माल भिकार होता. फेआओनेही विकणाऱ्याला शिव्या घातल्या आणि नवे भोंगे आणले. लिसिआतेवर कोणी बोट ठेवलं नाही. हेच त्याला जास्त लागलं, कारण खरं काय ते त्याला एकट्याला माहीत होतं.

बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. झांजेची किणकिण गेली होती, गाणाऱ्याचा ‘स’ गेला होता. भोंगा मुका वाटायचा म्हणून तो वाटणी खाली ओढायचा आणि जोर वाढवायचा. त्याने स्वतःच्या हाताने जाळले होते ते. येत्या शनिवारी परत जळले तर फेआओ काही बोलणार नाही, फक्त पुढच्या वेळी व्हॅन दुसऱ्या कोणाकडे नेईल. मग लिसिआते कोण? बकऱ्यांचा हमाल.

तीन दिवस तो गराजमागे व्हॅन लावून बटणं फिरवत होता. तेही ताई चर्चला तालमीला गेली की मगच. कारण मैदानात वाजतात ती सगळी प्रेमाची गाणी, आणि आपल्या बेटावरच्या लोकांत बहिणीच्या कानावर तसलं गाणं पडू देत नाहीत. भाऊ-बहीण एका खोलीत टीव्हीसुद्धा बघत नाहीत. लिसिआते चाळिशीला आला तरी ताईला ‘तुम्ही’च म्हणायचा आणि तिच्यासमोर मान वर करायचा नाही. त्यामुळे झालं काय, की वीस वर्षं चर्चच्या गायकांना सूर लावून देणारे ताईचे कान त्याच अंगणात होते, आणि ते घरी असले की हा व्हॅन बंद ठेवायचा.

गुरुवारी त्याने हात टेकले. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. नजर पायरीवर. आत ताई तारोची, म्हणजे अळूची, पानं निवडत होती.

‘‘ताई, काम होतं एक.’’

‘‘बोल.’’

‘‘तुमचे कान पाहिजेत. व्हॅनसाठी.’’

‘‘आणि तुझे?’’



‘‘माझे गेले.’’

पानांची सळसळ थांबली. कधीपासून, असं तिने विचारलं. दीडेक वर्ष झालं, तो म्हणाला. डॉक्टरकडे गेलास का, हे तिने विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

‘‘वाजवणार काय आहेस?’’

‘‘स्तोत्र. तुमच्याच चर्चच्या गायकांचं, रेकॉर्ड केलेलं.’’

‘‘मग येते. तू अंगात शर्ट घाल.’’

दोघांनी एका गाडीत बसायचं तर नव्हतंच. ताई एकटी पुढे बसली, सगळ्या काचा वर करून. लिसिआते मागचं दार उघडून, बाहेरच, मान खाली घालून अँपपाशी उकिडवा बसला. ठरलं असं, की कानाला टोचतंय तिथे तिने पत्र्यावर एकदा ठोकायचं, बरं वाटलं की दोनदा.

स्तोत्र सुरू झालं. टक. त्याने जोर उतरवला. टक. अजून उतरवला. टक. मग वाटणीचं बटण वर सरकवायला लागला, केसभर, केसभर. त्याला काहीच फरक कळत नव्हता. आंधळ्याने सुईत दोरा ओवावा तसं चाललं होतं. गुडघे भरून आले. चार कडवी संपली, परत पहिल्यापासून लावलं. ताईचं ठोकणं काही थांबेना.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मधेच टकटक झालं.

त्याच्या हिशेबी आवाज आता पार मेलेला होता. हात शिवशिवला, थोडा जोर वाढवावा म्हणून. नाही वाढवला. पांढऱ्या पेंटच्या डबीत काडी बुडवून दोन्ही बटणांवर खूण केली.

ताई उतरली, घराकडे चालायला लागली. जाता जाता कपड्यांच्या दोरीकडे बघत म्हणाली, ‘‘वरच्या सुरात गाणारी आपली मेले तिसऱ्या ओळीला चुकते. इतकी वर्षं मला वाटायचं कोण आहे.’’

शनिवारी मैदानात फेआओने बटणं बघितली आणि भडकला. हे काय, इतकं उतरवलं? हरायला आलोय का आपण? तो हात घालायला गेला तर लिसिआतेने त्याचं मनगट धरलं. आठ-दहा पोरं आजूबाजूला होती. लिसिआते हळू बोलला असता तरी चाललं असतं. नाही बोलला.

‘‘मागचे दोन मी जाळले. मला बारीक ऐकू येत नाही आता. हे कालोलाइने ताईने लावलंय.’’

 फेआओचा हात थांबला. कालोलाइने नात्याने त्याचीही ताईच. तिने लावलेलं बटण हलवायची कोणाची छाती आहे?

‘‘ताई आपल्या व्हॅनमध्ये बसली?’’ फेआओने विचारलं. ‘‘आणि तू सीटवरचे माझे चड्डी-बनियन तसेच ठेवले होतेस?’’

पोरं हसली. फेआओने हात मागे घेतला. ‘‘पुढच्या वेळी आधी सांग गाढवा. गाडी धुऊन पाठवीन.’’

गाणं सुरू झालं. लिसिआते पत्र्यावर तळवा ठेवून उभा होता. जाड आवाज हाताला लागत होता, बाकी त्याच्यासाठी सगळं भिंतीपलीकडचं. म्हणून तो कुंपणाकडे बघत राहिला. तिथे म्हाताऱ्या बाया चटया टाकून बसल्या होत्या. मागच्या खेपेला त्यांनी कानावर हात ठेवले होते.

आज एकीचे ओठ हलत होते. गाण्याच्या शब्दाला शब्द जुळवून.

तो खाली बसला, चाकाला टेकून. पहाटेपासून पहिल्यांदा.