रिपोर्ट बिघडला आणि माणूस चहा मागतोय

बायांनो, कोणाला कळत असेल तर सांगा, माझं डोकं चालत नाही.

माझे मालक चार दिवसांपासून आयसीयूत आहेत. आज सकाळी चहा मागितला, वर मलाच म्हणाले, "रडतेस काय? कारखान्यात माझे लूम कोण चालवतंय ते सांग." पाय हातात धरून बघितले, गरम होते.

बाहेर आले तर इथले गुजराती डॉक्टर म्हणतात, "मासी, रक्ताचा रिपोर्ट बिघडतोय. गावाकडच्यांना बोलावून घ्या."

मी म्हटलं, "माणूस बोलतोय आणि रक्त वेगळंच सांगतंय?"

"रिपोर्टवरून अंदाज येतो, मासी. खात्री नाही."

खात्री नाही तर बोलवायचं कशाला? सासऱ्यांच्या शेवटच्या वेळी यांनीच सगळ्यांना धुळ्याहून बोलावलं होतं. तीच माणसं दारात दिसली की हे समजून जातील.

नाही बोलावलं तर दीर जन्मभर बोलतील. फोन हातात आहे. तुम्ही काय केलं असतं?