दारावरची कुंभारीण

चंदीगडच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही नऊ वर्षं काढली आणि त्यातला निम्मा वेळ मी मान वर करून काढला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरांना विटांच्या जाळ्या होत्या, वारा खेळावा म्हणून. वारा किती खेळला मला ठाऊक नाही, गांधीलमाश्या मात्र मनसोक्त खेळल्या. जाळीच्या एकेका भोकात एकेक पोळं. मार्च लागला की त्या पिवळ्या माश्या पाय लोंबकळत ठेवून यायच्या, आमच्याच दाराचं लाकूड कुरतडायच्या आणि थुंकीत कालवून त्याचं घर बांधायच्या. माझ्या घराला लटकलेलं थुंकीचं घर.

पहिल्या वर्षी मी वाळलेलं पोलकं न झटकता अंगात घातलं आणि काखेत डंख बसला. शेजारच्या पंजाबी भाभीजी आरडाओरडा ऐकून आल्या, "लोहा रगड़ लो जी," म्हणत त्यांनी स्वतःच्या कपाटाची किल्ली माझ्या काखेत घासली आणि वर पोट धरून हसल्या. पण पुढचं शिक्षण त्यांचंच. मार्चमध्ये माशी एकटी येते, तेव्हाच पोळं पाडायचं, म्हणजे ती दुसरीकडे जाते. मे महिन्यापर्यंत थांबलं की मग बांबूला रॉकेलची चिंधी बांधा, धूर करा आणि जीव घेऊन पळा. मी दोन्ही केलंय. पडलेल्या पोळ्यात पांढऱ्या, लिबलिबीत अळ्या असतात. त्या केरसुणीखाली फुटतात. त्या दिवशी मला जेवण जात नसे, आणि हे मात्र शांतपणे दुसऱ्यांदा भात मागून घेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई कराडहून आल्या. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण मी वाकले, उठले, पाणी प्याले, की त्यांची नजर माझ्या पोटावरून फिरून जायची. मला त्या नजरेची गांधीलमाशीपेक्षा जास्त शिसारी होती. गांधीलमाशीला निदान काठी दाखवता यायची.

त्या आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या झोपायच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, मातीचा एक गोळा दिसला. कुंभारीण. ही माशी वेगळी, एकटी राहणारी, बारीक कमरेची, तोंडात ओली माती आणून घर लिंपणारी. मी स्टूल घेतलं, उलथनं घेतलं. सासूबाईंनी माझा हात धरला. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, हे मीही लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्याकडे ते घर कुणी पाडत नाही. मी म्हटलं, ही पंजाबातली कुंभारीण आहे, हिला आपले रिवाज काय माहीत. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं. त्यांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रं माझ्याच हातची. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले: धाकट्या सुनेच्या खोलीत कुंभारणीने घर केले आहे, देवाच्या मनात आले आहे. माझ्या पोटाची बातमी, माझ्या अक्षरात, उघड्या पोस्टकार्डावर. पोस्टमनपासून जावेपर्यंत अख्खी गल्ली ती वाचणार होती. शाईचा डाग पाडून कार्ड फुकट घालवावं असं मनात आलं, पण दुसरं लिहावं लागलं असतं.

उत्तर आठ दिवसांत आलं. जावेनं विचारलं होतं, काही विशेष? नणंदेनं देवीला नवस बोलून टाकला होता. आता ते घर पडलं तर कुणी पाडलं, हा प्रश्न मला जन्मभर पुरला असता. मूल झालं नाही तर कारणही तयार होतं.

आणि मग माझी पाळी चुकली. चार दिवस, आठ दिवस, बारा दिवस.

हे लिहायला मला आजही लाज वाटते. जी बाई पोळी पाडण्यात तरबेज, तीच मी त्या चिखलाच्या गोळ्याची राखण करायला लागले. टेबलफॅनचा वारा तिकडे लागतो म्हणून मेच्या उकाड्यात मी पंखा बंद केला. हे वैतागून व्हरांड्यात झोपायला गेले. दार आपटू नये म्हणून मी त्याच्याखाली चिंधी खुपसली. सकाळी उठल्यावर आधी दाराकडे बघायची, मग देवाकडे. कुंभारीण एकेक हिरवी अळी मिठीत धरून आणायची आणि आत कोंबायची. अळी मेलेली नसायची, नुसती बधिर असायची, तिचं टोक हलायचं. ते बघून पोटात ढवळायचं, आणि मी त्या ढवळण्यालाही शुभलक्षण समजले. माणूस किती मूर्ख होऊ शकतं याला सुमार नाही.

तेराव्या दिवशी दुपारी कावळा शिवला.

सासूबाई असेपर्यंत मी ते चार दिवस बाजूला बसत असे, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. त्या मागच्या अंगणात कुरडया राखत बसल्या होत्या. मी न्हाणीघरातून निघाले, शिवाशिव विसरले, सरळ स्वयंपाकघरात जाऊन उलथनं घेतलं, स्टूल ओढलं आणि ते घर खरवडून काढलं. माती कडक झाली होती, चौकटीचा रंगही निघाला. खाली पडून गोळा फुटला. एक खोली रिकामी होती, तिला बाहेर पडायचं गोल भोक होतं. बाकीच्यांत अर्धवट खाल्लेल्या अळ्या, आणि त्यांच्यावर पसरलेली कुंभारणीच्या पोटची एक जाड, पिवळट, आंधळी अळी, अजून खातच होती. एवढ्यासाठी मी पंखा बंद ठेवला होता. मला तिची किळस आली, नवस बोलणाऱ्यांची आली, पण सगळ्यात जास्त माझी स्वतःची आली. मी स्टुलावर उभी राहूनच रडले.

आवाजानं सासूबाई दारात आल्या. खालची माती बघितली, माझ्या हातातलं उलथनं बघितलं. घर मी पाडलं, का पाडलं, सगळं त्यांना एका नजरेत कळलं. आता कराडला पत्र जाणार आणि सहा वर्षांचा दोष माझ्या हातातल्या उलथन्यावर येणार, हे मला दिसत होतं. त्यांनी केरसुणी आणली आणि स्वतः सगळं सुपलीत भरलं. ती अळी पायाखाली चिरडली. मग म्हणाल्या, "हात धू आन् कार्ड आन."

मी खरं तर बाजूला बसायला हवी होती, तरी त्यांनी मला जवळ, चटईवर बसवलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "रंगारी आलता. त्यानं न इचारता कुंभारणीचं घर पाडलं. सूनबाई तवा घरात न्हवती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"लिव की. घरात न्हवती, आसं लिव."

मी लिहिलं. मी घरात नव्हते, असं माझ्याच अक्षरात लिहिलं. चौकटीवर उडालेला रंग होताच. त्यावर कुणी पुन्हा रंग दिला नाही, आणि आम्ही ते क्वार्टर सोडेपर्यंत ती खूण तशीच राहिली.

पुढच्या मार्चमध्ये कराडहून पत्र आलं, जावेच्या हातचं. कुणाला काय झालं, कुणाकडे बारसं, असं सगळं लिहून झाल्यावर तळाला सासूबाईंनी सांगितलेली एक ओळ होती: दारं-चौकटी वेळेवर झाडत जा, काही राहू देऊ नकोस. जावेला वाटलं असणार, सासूबाईंनी मला आळशी म्हटलं. मी पत्र फडताळात ठेवलं आणि स्टूल घेऊन खोलीकडे गेले.