याकोबकाकांच्या कागदावरचे तीन रकाने

याकोबकाकांना, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, होळीच्या आधीच्या सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, तालुक्याच्या कचेरीत, भरल्या खोलीत खोटं ठरवलं गेलं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्या क्षणी मी त्यांच्याकडे बघायचं टाळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा, रूथताईचा फोन आला. "पप्पा गेले. खुर्चीतच. टेबलावरचं अजून तसंच आहे, तू ये." आज पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. पण त्या सोमवारी खोलीत काय झालं ते मी पाहिलं आहे, आणि ते कोणामुळे झालं तेही मला माहीत आहे.

त्यांची माझी ओळख दोन वर्षांपूर्वीची. विसरवाडीच्या नाक्यावर मी खाणीच्या धुळीविरुद्धची पत्रकं वाटत होते. माणसं पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यात भजी गुंडाळतात, हे मला सवयीचं होतं. एका म्हाताऱ्यांनी मात्र उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि एका शब्दाभोवती गोल करून पत्रक मला परत दिलं. शब्द होता 'सर्व'. "सर्व विहिरी आटल्या, असं लिहिलंस पोरी. सर्व म्हणजे किती? मोजल्या?" मी तणतणले. म्हटलं, काका, लोक मरायला टेकलेत आणि तुम्ही व्याकरण तपासताय? ते हसले. "व्याकरण नाही. मी आयुष्यभर फोटो मोजले. मोजल्याशिवाय लिहिलेलं मला वाचवत नाही."

फोटो म्हणजे विमानातून काढलेले, लष्करी. नवापूरच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातलं हे पोर मिशनच्या शाळेत शिकून फौजेत गेलं, आणि नजर तीक्ष्ण म्हणून त्याला एका बंद खोलीत बसवलं. सीमेपलीकडच्या विमानतळांचे फोटो यायचे. त्यात बॉम्ब आणि दारूगोळा कुठे साठवलाय ते शोधायचं. थोडं सरकून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वरून दोन भिंगांच्या घडीच्या चौकटीतून बघायचं... मग सपाट कागदातून टेकडी वर येते, शेडचं छप्पर उचलून धरल्यासारखं दिसतं. ती चौकट त्यांच्या टेबलावर कायम असायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी त्यात डोकं घालायला लावत आणि चहा नंतर देत. "बॉम्ब कधीच दिसत नाही," ते सांगायचे. "दिसते ती त्याची भीती. माणूस ज्याला घाबरतो, त्याच्यापासून रस्ता वळवून नेतो, भोवती मातीचा बांध घालतो, दोन शेडमध्ये अंतर सोडतो. ती भीती वरून वाचायची."

आणि वाचलं की लिहायचं, तीन रकान्यांत. दिसतं. बहुधा. माहीत नाही. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात गेली की काम वाया. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी त्यांची नक्कल करायचे.

गेल्या दिवाळीनंतर विसरवाडीजवळच्या एका पाड्यामागच्या टेकडीआड तीन शेड उभ्या राहिल्या. खाणवाल्याचा माणूस म्हणाला, अवजारं आणि खत. पण रात्रपाळीचा पहारेकरी कुणाला बिडी पेटवू देत नव्हता. खतासाठी एवढी काळजी? मी लोणखेड्याच्या भटूला बोलावलं. तो लग्नांचं शूटिंग करतो, त्याच्याकडे ड्रोन आहे. काकांनी त्याला दहा वेळा बजावलं, दोन फोटो काढ, मध्ये थोडं सरक. भटू वैतागला. "ताई, आठे नवरी कोठे शे? नुसता पत्रा दखाई ऱ्हायनात!" काका म्हणाले, "नवरी आत आहे. घुंगट घेऊन." मग दोन दिवस ते चौकटीवरून उठले नाहीत.

कागद मी जपून ठेवला आहे. 'दिसतं' खाली लिहिलं होतं : तिन्ही शेडभोवती छपराइतका उंच मातीचा बांध, मध्ये सारखं अंतर, रस्ता दारावर सरळ न जाता बांधाला वळसा घालून जातो. 'बहुधा' खाली एकच ओळ : आत खाणीची स्फोटकं. 'माहीत नाही' खाली : वीज जमिनीत उतरवणारा खांब दिसत नाही. एक तर हे कोठार नाही, किंवा कोठार आहे आणि मालक बेफिकीर आहे. दार उघडून बघावं. शेडच्या कुंपणापलीकडे लगेच पाड्याची शाळा आहे. पाड्यातल्या मुलांची शाळा, आमचं भांडण तिच्यासाठी होतं.

मी पत्रक लिहिलं. मथळा : 'शाळेच्या उशाशी बॉम्बचं कोठार!' खाली : 'फौजेतल्या तज्ज्ञांचा ठाम निष्कर्ष.' 'बहुधा' मी खोडला. चुकून नाही, जाणूनबुजून. आम्हा चळवळीतल्यांना तसंच शिकवलंय, की पत्रकात 'बहुधा' लिहिलं की वाचणारा पान उलटतो. छापून झाल्यावर काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं, खिशाकडे हात नेला... आणि पेन्सिल काढलीच नाही. मला वाटलं, आवडलं.

शेड उघडून तपासाव्यात या आमच्या अर्जावर सोमवारी तहसीलदार साहेबांसमोर सुनावणी होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून, चौकट पिशवीत घालून आले होते. साहेबांनी त्यात बघावं एवढीच त्यांची इच्छा. साहेबांनी कागदाला हात लावला नाही, माझं पत्रक उचललं.

"बाबा, ठाम निष्कर्ष तुमचा?"

"माझा 'बहुधा' आहे साहेब. कागदावर आहे."

"म्हणजे पत्रक खोटं?"

काका खोटं बोलले असते तर काम झालं असतं. "पत्रकात जास्त लिहिलंय," ते म्हणाले.

खाणवाल्याचा माणूस मागून बोलला, "बाबांची लढाई अजून संपली नाही वाटतं. उद्या कोंबड्यांच्या खुराड्यात रणगाडा सापडेल." सगळी खोली हसली. साहेबांनी अर्ज सरकवून परत दिला. "खात्री झाली की या." काका चौकट पिशवीतून काढून हातात धरून उभे होते. त्यांनी ती पुन्हा घडी केली. मी उठून म्हणायला हवं होतं की शब्द मी खोडला, यांनी नाही. मी, जी मोर्चात फौजदाराच्या तोंडावर ओरडते, ती मी घड्याळ बघत बसले.

परतताना विसरवाडीला बस बदलायची होती. ट्रकांच्या धुरात एका टपरीवर बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी बशीतल्या चहात बोट बुडवून टेबलावर एक गोल काढला.

"लढाईतली गोष्ट. विमानतळाच्या कडेला मातीचे उंचवटे होते, आणि हा असा पांढरा गोल. मी लिहिलं, बहुधा बॉम्बचा साठा, बहुधा ट्रक वळवायची जागा. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. वर पोचेपर्यंत बहुधा गळाला होता."

"मग?"

"मग विमानं गेली. दोन दिवसांनी नंतरचे फोटो माझ्याच टेबलावर आले." त्यांनी गोलाच्या मधोमध बोट टेकवलं. "खळं होतं ते, पोरी. उंचवटे म्हणजे माती लिंपलेल्या कडब्याच्या गंजी. गोलाच्या मधोमध खांबाची सावली, बैल फिरतात तो खांब. पहिल्या फोटोतही होती. मी खळ्यावर वाढलेला माणूस... आणि मला खळं ओळखता आलं नाही."

"किती माणसं होती काका?"

"त्याला रकाना नव्हता."

चहा वाळला, टेबलावर फक्त डाग राहिला. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरातही सांगितली नव्हती, हे मला रूथताईकडून नंतर कळलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ज्याने माझा बहुधा गाळला त्या बाबूला मी कधी पाहिलं नाही. तुला रोज बघतो. म्हणून तुझ्यावर रागावता येत नाही." यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटच्या बारा दिवसांत त्यांनी भटूला पुन्हा बोलावलं होतं, मला न सांगता. शाळेच्या दुपारच्या सुट्टीतले फोटो काढून घेतले. रूथताई टेबल पुसते, पण चौकटीखालचे फोटो हलवत नाही. बोटभर सरकले तरी टेकडी सपाट होते म्हणून. मी त्यात डोकं घातलं. बांध वर आले, तिन्ही छपरं वर आली, आणि कुंपणाच्या पलीकडे, शाळेमागच्या बोरीखाली, लाल पेन्सिलीचे बारीक ठिपके. बाजूच्या कागदावर 'दिसतं' या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे : बोरीखाली मुलं. एकोणीस. दोनदा मोजली.

बहुधाच्या रकान्यातली ओळ तीच आहे. त्यांनी ती वाढवली नाही, खोडलीही नाही.

शेड अजून तिथेच आहेत. अर्ज अजून कुणी घेतलेला नाही. साहेबांना खात्री हवी आहे, आणि खात्री फक्त एकाच मार्गाने आपोआप होते, तो मार्ग काकांनी लढाईतल्या त्या नंतरच्या फोटोंत पाहिला होता. हे वाचून तुम्ही हळहळणार असाल तर मला तुमची हळहळ नको. आज जिल्ह्याच्या कचेरीला एक पत्र लिहा. माझा मथळा वापरू नका, बॉम्ब हा शब्दही लिहू नका. काकांनी लिहिलं तेवढंच लिहा : विसरवाडीजवळच्या पाड्यामागे तीन शेड आहेत, आत बहुधा स्फोटकं आहेत, शेजारी बोरीखाली एकोणीस मुलं आहेत. दार उघडून बघायला एवढं पुरेसं आहे. लिहा, सही करा, पाठवा. आणि 'बहुधा' खोडू नका.