एकोणिसावा हंडा

आम्ही दिंडोशीच्या डोंगराखाली राहायला आलो तेव्हा गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. परळची खोली दिरांकडे राहिली आणि आम्ही इकडे पत्र्याच्या चाळीत आलो. चाळीत अठरा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक नळ. माझी खोली नळासमोर होती.

पाणी दुपारी तीनला यायचं आणि पाऊण तासात जायचं. कधी अर्ध्याच तासात. त्यामुळे नळावर एक पद्धत ठरलेली होती. प्रत्येक घराचा एक पितळेचा हंडा कायम नळापाशी रांगेत उभा असायचा. आज ज्याचा हंडा पहिला, तो उद्या शेवटी जायचा आणि मागचे सगळे एक जागा पुढे सरकायचे. पाळीला एक हंडा आणि एक कळशी. ज्यांना नाही मिळालं त्यांची पाळी उद्या थोडी पुढे आलेलीच असायची. पद्धत चांगली होती. कुणी तक्रार करत नसे.

हंड्यांवर नावं कोरलेली होती, पण ती काही कामाची नव्हती. एकावर सासऱ्यांचं नाव, दुसऱ्यावर लग्नात आहेर देणाऱ्या मामाचं, तिसरा तर कुणाकडून तरी जुना घेतलेला. म्हणून खोलीचा नंबर हंड्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी चौथी शिकले होते आणि माझं अक्षर बरं होतं. रोज सकाळी पहिला हंडा उचलून शेवटी ठेवायचं कामही माझंच. मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

बोलण्याची मला भीती होती. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा माझ्या तोंडात मालवणीच होती. परळच्या नळावर मी पहिल्या दिवशी काहीतरी बोलले आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की एखादी तेच वाक्य माझ्या सुरात म्हणून दाखवायची. तेव्हापासून मी मान हलवून काम भागवायला शिकले.

चाळीच्या टोकाला मालकाने पत्रे ठोकून आणखी एक खोली काढली आणि तिथे एक मद्रासी कुटुंब आलं. नवरा रस्त्यावर डांबर टाकायच्या कामावर जायचा. बाई पंचविशीची, कडेवर वर्षाची मुलगी. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही चार शब्दांपलीकडे नाही. चाळीत तिला सगळ्या डांबरवाली म्हणायच्या. भाडं आमच्याइतकंच, पण तिच्या हंड्याला नंबर मिळाला नाही. अठरा हंडे भरून झाले की तिचा. एवढं पाणी उरायचं कधी? बहुतेक वेळा तिच्या हंड्यात तळ झाकेल इतकं पडायचं आणि नळ फुसफुसायला लागायचा.

मी रोज रांग लावायचे. तिचा हंडा रांगेत धरायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धर, असंही कुणी सांगितलं नव्हतं. मी धरत नव्हते.

बायकांच्या मनात राग होता आणि तो कुठून आला हे मला ठाऊक होतं. एक नंबरच्या खोलीतली काकी आमच्यात मोठी. तिचे दोन मुलगे गिरणीतून घरी बसले होते. ती म्हणायची, "आमची पोरं रिकामी फिरतायत आणि ही लोकं गाडी भरभरून येतायत." माझा नवराही तेव्हा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. मागाजवळ उभा राहिलेला माणूस गाड्यांना सलाम करत होता. तेव्हा काकीचं बोलणं मलाही खरं वाटायचं. ती बाई मात्र कुणाच्या गिरणीत शिरली नव्हती. ती फक्त पाण्याला उभी राहायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी अकराचा सुमार असेल. ती माझ्या दाराशी आली. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात काथ्या आणि विटेची पूड. तिने हंड्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं, हवेत घासल्यासारखा हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला काय विचारायचं आहे ते मला नीट कळलं नाही. वाटलं, नळापाशी बसून आपला हंडा घासू का, असं म्हणते आहे. मी हो म्हणून मान हलवली. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता बाहेर बघितलं तर ती दुसऱ्यांचे हंडे घासत होती. तीन-चार झाले होते. उन्हात ते असे चमकत होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मुलगी बाजूला बसून चिंच चाटत होती. तेव्हाच मी उठून तिचा हात धरला असता तर पुढचं काही झालं नसतं. अंक माझ्या हातचे होते. घासले की ते जाणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. पण अठरा हंडे कुणी फुकट घासून देतंय आणि त्यात माझाही आहे, याचंच मला बरं वाटलं. मी परत भाजीकडे वळले.

आमच्याकडे भोगीला भाजी-भाकरी करतात. त्यांच्याकडे त्याच दिवशी घर, भांडी सगळं घासून लख्ख करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तिने आमची भांडी आपली समजून घासली होती. घासून झाल्यावर तिने ती परत मांडली, घरातल्या फळीवर मांडतात तशी. मोठा हंडा आधी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान.

तीनला बायका आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"हे कुणी केलं गं?"

"कोण करणार. ती बघ उभी आहे, डांबरवाली."

"नंबर गेले सगळे. रांग पण मोडलीन."

"मुद्दाम केलंन. आता म्हणेल, कुणालाच नंबर नाय, मी पण मध्ये घुसते. भाषा येत नाय म्हणे, पण लाईन मोडायची अक्कल बरोबर आहे."

ती नळाच्या बाजूला हात पुसत उभी होती. चेहऱ्यावर अजून ते हसू होतं. कुणीतरी कौतुक करील म्हणून थांबली होती. हळूहळू तिला कळायला लागलं. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

नळ सुरू झाला. सहा नंबरची म्हणाली, आज पहिली मी. सात नंबरची म्हणाली, तू काल होतीस. एकीने दुसरीचा हंडा सारला, दुसरीने तिचा. पाणी गटारात वाहत होतं. काकी माझ्याकडे वळली. "तू रांग लावतेस ना गं? तू सांग. आज पहिला कोणाचा?"

मला पाठ होतं. पहिला सातचा होता. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुझ्या दारासमोर बसून हिने अठरा हंडे घासले, तेव्हा तू काय करत होतीस? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तीही.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

एवढंच. भांडण चालू राहिलं, पाणी गेलं आणि चमकणारे निम्मे हंडे रिकामे राहिले. मग राग ज्याच्यावर निघायचा त्याच्यावर निघाला. काकीने तिचा हंडा उचलून गटारापलीकडे ठेवला आणि हाताने खूण केली, इथे यायचं नाही. तिने मुलीला कडेवर घेतलं, हंडा उचलला आणि ती गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती हमरस्त्यापलीकडच्या तबेल्यात पाण्याला जाऊ लागली. तिथला भैय्या म्हशींच्या टाकीतून तिला एक हंडा भरू द्यायचा. चढ चढून ती यायची, डोक्यावर हंडा, कडेवर मुलगी. मी त्या वेळी दार लोटून घ्यायचे. आमच्या नळावर रोज कटकट चालूच होती. नंबर नव्हते, आणि मी सांगितलेलं कुणी मानत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. जेवता जेवता त्यांनी ऐकून घेतलं.

"मग सांगून टाक त्यांना."

"तुम्ही सांगा."

"मला कुठे विचारलं होतं तिने?" ते म्हणाले आणि आमटी मागितली.

पुढच्या रविवारी त्यांनी गेटला लावून उरलेला लाल रंग एका डब्यातून आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

दुपारी मी दारात बसले आणि बायका आपापले हंडे घेऊन आल्या. एक ते अठरा. मी सावकाश लिहीत होते, कारण अठरा झाल्यावर काय करायचं ते मी ठरवलं होतं आणि तिथवर पोचायची मला घाई नव्हती. अठरावा झाला. एकजण म्हणाली, "झालं बाई एकदाचं." मी ब्रश हातात तसाच ठेवून उठले आणि चाळीच्या टोकाला गेले.

ती स्टोव्हपाशी बसली होती. मी कोपऱ्यातला हंडा उचलला तेव्हा ती झटकन उठली आणि तिने दोन्ही हातांनी तो धरला. तिला वाटलं, आता हंडाही घेऊन चालल्या. मी ब्रश दाखवला, हंड्यावर हवेत अंक काढून दाखवला. तिला पटलं नाही, पण हात सैल झाला. मी हंडा घेऊन निघाले. ती मागोमाग आली, अंतर ठेवून.

"हा कुणाचा?" काकी म्हणाली.

"तिचा."

"आणि तुला कुणी सांगितलं?"

मी खाली बसून हंडा पायांत धरला. मान वर केली असती तर बोलता आलं नसतं. मी हंड्याकडे बघत बोलले, आणि तोंडातून जे आलं ते शाळेत शिकलेलं मराठी नव्हतं.

"तिना माका इचारल्यान. मीच व्हय म्हटलंय. आनी त्या दिवशी सात नंबर पयलो होतो, ता पन माका म्हायत होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकी हसली नाही.

"म्हणजे आम्ही तासभर भांडत होतो आणि तू बघत होतीस?"

मी मान हलवली.

"बोलता येतं की तुला," ती म्हणाली. "आठ दिवस तिने म्हशीचं पाणी आणलं, तेव्हा कुठे होती ही जीभ?"

मी ब्रश रंगात बुडवला. सात नंबरची पुटपुटली, "एकोणीस झाल्यावर शेवटच्यांना पाणी पुरायचं कसं?" काकी तिच्यावर खेकसली, "पुरत नव्हतंच कधी. पाळी फिरते ना? तुझी आज गेली तर उद्या पुढे येईल." मग माझ्याकडे बघून, "लिही. रंग वाळतोय."

मी एकोणीस लिहिला. नऊचं शेपूट जरा खाली लांबलं. ते तसंच राहिलं.

त्यानंतर बरेच दिवस मला बायका डांबरवालीची वकील म्हणायच्या. माझं बोलणं पुन्हा नकलेत आलं. वाईट वाटायचं, पण परळला वाटलं होतं तितकं नाही.

नव्या नंबरांची रांग एकपासून सुरू झाली आणि अठरा दिवसांनी तिचा हंडा पहिला आला. सकाळी मी तो नळाच्या तोटीखाली ठेवला. तीनला ती आली आणि नेहमीसारखी मागे जाऊन उभी राहिली. नळ सुरू झाला, हंड्यात पाणी पडायला लागलं, तरी ती पुढे येईना. काकीने मागे वळून तिला हाक मारली, "ए, आव ना. देखती क्या है? पानी तेरे लिए रुकेगा क्या?" ती पुढे आली. हंडा भरेपर्यंत ती सारखी मागे वळून बघत होती. भरल्यावर तिने उचलला, कळशी लावायची राहूनच गेली. काकीने ती स्वतःच तोटीखाली सारली.

ती माझ्याशी त्यानंतर वाईट वागली नाही. मुलगी माझ्या दारात खेळायची. तिच्या आईलाही मराठी आलं, चाळीतल्या पोरांसारखं तुटक आणि भरभर. पण माझ्याकडे येऊन तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही. मीठ हवं असलं तरी पुढच्या दारात जायची.

पुढच्या भोगीला ती नळापाशी चिंच घेऊन बसली. या वेळी फक्त तिचाच हंडा. मी दारातून बघत होते. तिने गळा घासला, काठ घासला, बूड घासलं, आणि अंकाजवळ आल्यावर हात थांबवला. बोटाने त्याच्याभोवती अंतर सोडून ती घासत गेली. सगळा हंडा सोन्यासारखा झाला. त्यात लाल एकोणीस आणि त्याच्याभोवती तळहाताएवढा काळा डाग, वर्षभराच्या मळाचा. तो तिने तसाच ठेवला. मी तिला सांगणार होते, घास गं, गेला तर परत लिहून देईन. दोन पावलं पुढेही गेले होते. तिने वर पाहिलं आणि हंडा आपल्याकडे ओढून घेतला.

त्या चाळीत आम्ही पुढे सहा वर्षं होतो. तो डाग मी दरवर्षी पाहिला.