धुरपदाकाकूंचा डावा हात

आमच्या शेजारचे लिंबाजीकाका रोज सकाळी ओसरीवर, साऱ्या गल्लीदेखत, बायकोच्या हाताला पट्ट्या बांधायचे. सास्तूरमध्ये एवढं हसायला पुरतं. धुरपदाकाकूंच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढताना काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या होत्या. पुढं डावा हात सुजला तो सुजलाच. झंपरची बाही चढेना, भाकरी थापता येईना.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी काकांना सगळं शिकवलं. दुधावरची साय मोडू नये इतक्या हलक्यानं हात खालून वर कुरवाळायचा, मग पट्टी, बोटांकडं घट्ट आणि वर सैल. हाताला खरचटूसुद्धा द्यायचं नाही. नांगर धरून राठ झालेल्या हातांनी काकांनी ते जमवलं. पट्ट्या स्वतः धुवायचे. पारावरचे रिकामटेकडे त्यांना 'बायकोचा धोबी' म्हणायचे, म्हणोत बापडे. वर्षभरात सूज उतरली, पट्टी मात्र रोज चालूच राहिली, आणि काकू पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

मग पुतणी शिवरंजनीचं लग्न निघालं. बांगड्या भरायला कासार आला, तेव्हा काका मांडववाल्याकडं लोहाऱ्याला गेले होते. काकूंच्या मोठ्या जाऊबाई लक्ष्मम्मा बायकांसमोर कडाडल्या, "नवरा जिता हाय अन् एक हात मोकळा? लग्नघरात अपशकुन करायलीस व्हय गं?"

काकूंनी मुकाट्यानं पट्टी सोडली. कासार बिचारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बसंना." जाऊबाईंनी साबण लावायला लावला. हिरवी बांगडी चढता चढता फुटली आणि काच मनगटात शिरली. एवढीशी जखम, ती काकूंनी पदराखाली लपवली. दुसऱ्या दिवशी हात लालबुंद झाला आणि काकू तापानं फणफणल्या.

दवाखान्यातून परत आल्या तेव्हा ताप गेला होता, पण हात पहिल्यापेक्षा जास्त सुजला होता. लक्ष्मम्मा भेटायला आल्या, चहा प्यायल्या, "नशिबाचे भोग" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या हातातली कपबशी हिसकावून घ्यावी असं मला वाटलं.

त्या गेल्यावर काकांनी धुतलेली पट्टी बाहेर काढली. "तुला समदं ठावं व्हतं न्हवं? मग का दिलास हात?"

काकू खाली बघत म्हणाल्या, "तुमच्या नावाच्या बांगड्या त्या. न्हाय म्हनले असते अन् तुमाला काय झालं असतं तर?"

काकांनी बोटांवरून पट्टी घेतली आणि आजवर कधी आवळली नव्हती इतकी करकचून आवळली. काकू कळवळल्या. तशी काकांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.