दोनशे बारा मिलिमीटर

“मिलिमीटर आला रे. इचार त्याले, काल पाऊस पडला का आपल्याले भास झाला.”

वडनेरच्या स्टॉपवरच्या टपरीत कुणीतरी म्हणालं. काका मला बसवरून घ्यायला आले होते. टपरीकडे न बघताच त्यांनी उत्तर दिलं, “पडला. नऊ पॉइंट चार.”

आमच्या कॉलेजच्या गटानं पावसाच्या नोंदीसाठी अ‍ॅप बनवलं होतं आणि गावोगावी एकेकाला पर्जन्यमापक दिला होता. बाकीचे महिन्याभरात कंटाळले. काका मात्र रोज सकाळी साडेआठला नाल्यापलीकडच्या वावरात उकिडवे बसून, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतून बघत. कोरड्या दिवशीही नोंद भरत. “शून्य बी मोजाच लागते, पोरी. नाई मोजलं तं ते शून्य नसते.”

वावरात रेंज नव्हती, म्हणून आकडा घरी येऊन भरावा लागे. तोवर मोजलेलं पाणी ते वावरातल्या खोपडीत, घट्ट झाकणाच्या पितळी गंजात ठेवत. मोबाईलनं नोंद घेतल्याशिवाय पाणी सांडायचं नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला.

मी इंग्रजी शाळेतली, त्यात अबोल. “तुह्यापेक्षा पाऊस बरा, आवाज तरी करते,” ते म्हणायचे. आकडा नाकारताना अ‍ॅपनं दाखवायला मी ‘नोंद अग्राह्य’ असं लिहिलं होतं. ते वाचून काका हसले. “हे कोनाले समजन? सरळ लिही, पुन्हा मोजा.” मी तसं बदललं.

लोक दशांशचिन्ह विसरतील म्हणून दीडशेच्या वरचा आकडा अ‍ॅपनं घ्यायचा नाही, अशी मर्यादा मीच घातली होती. इथे एका दिवसात तेवढा पाऊस पडेल असं मला वाटलं नव्हतं. काकांना मी ती सांगितलीच नाही.

रात्रभर कोसळून त्या सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा ते नाला ओलांडून गेले, मोजून घरी आले. अ‍ॅपवर त्यांचे तीन प्रयत्न दिसतात. तिन्ही वेळा २१२. तिन्ही वेळा ‘पुन्हा मोजा’. ते पुन्हा मोजायला निघाले. तोवर नाला चढला होता. दुसऱ्या दिवशी ते खाली बाभळींत सापडले.

पाणी ओसरल्यावर, काही दिवसांनी, मी एकटीच वावरात गेले. गंज जागेवर होता. मी उकिडवी बसून सगळं पाणी मापानं मोजलं. २११ भरलं. एका मिलिमीटरएवढं तर इतक्या दिवसांत उडालंच असेल.

घरी काकू ओसरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “लोक म्हनते, म्हाताऱ्याले मोजताच आलं नाई. मोबाईल सांगून राह्यला होता, चुकलं म्हनून. खरं हाय काय, बाई?”

रिकामा गंज माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

“नाही, काकू,” मी म्हणाले. “काकांनी बरोबर मोजलं होतं. चूक माझी होती.”